‘जॅक’ हा जॉनचाच!

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं इंग्रजी शब्दांच्या जन्मकथांचं सदर मी नेमाने वाचतो, कात्रणंही ठेवतो. गेल्या रविवारी त्यात ‘जॅक’ या टोपणनावावर मजकूर होता. जॅक हे जेम्सचं लघुरूप आहे, ते फ्रेंच ‘झाक’वरून आलं, राजा जेम्सवरून ब्रिटिश झेंड्याला ‘युनियन जॅक’ म्हणू लागले आणि पुढे या नावाला ‘किरकोळ, हलका माणूस’ असा अर्थ चिकटल्यामुळे इंग्रजांनी फणसाला व कोल्ह्यालाही तेच नाव दिलं, असं त्यात म्हटलं होतं. एवढ्याशा जागेत इतक्या चुका राहाव्यात याचं वाईट वाटलं, आणि ‘हलका माणूस’ हे शब्द तर मनाला लागले. मी ३४ वर्षं बोटीच्या इंजिन रूममध्ये नोकरी केली. त्यातल्या पहिल्या बोटीवर ११ महिने मला ‘जॅक’ याच नावाने हाक मारली जायची. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण नावाच्या मुळाचा भाग तेवढा छापावा ही विनंती.

तर मुळापासून. ‘जॉन’ हे हिब्रूतल्या ‘योहानान’चं रूप, ‘देवाची कृपा झाली’ असा त्याचा अर्थ. लॅटिनमध्ये ते योहानेस झालं, जुन्या फ्रेंचमध्ये झेहान, आणि मध्ययुगीन इंग्लंडात जान, जॉन. तिथे त्याची गाठ ‘किन’ या प्रत्ययाशी पडली. हा प्रत्यय समुद्रापलीकडच्या फ्लँडर्सकडच्या (आताच्या बेल्जियमकडच्या) बोलीतला, लहानपण आणि लाड दाखवणारा. बाळाचा बाळू किंवा पांडुरंगाचा पांडू करावा तसा जानचा ‘जानकिन’ झाला. बोलता बोलता मधला ‘न’ गळाला, ‘जाकिन’ राहिला, आणि शेपूट तुटून ‘जॅक’. हाच प्रत्यय थॉमसला लागून टॉमकिन झाला, पीटरला लागून पर्किन, वॉल्टरला लागून वॉटकिन. टॉमकिन्स, पर्किन्स, वॉटकिन्स, जेनकिन्स ही आडनावं आपण क्रिकेटच्या धावफलकांवर वाचतो, ती सगळी या लाडक्या नावांची लेकरं. जॅक्सन तर उघडच जॅकचा मुलगा.

फ्रेंच ‘झाक’ हे वेगळं नाव आहे. ते ‘याकोबुस’पासून, म्हणजे बायबलमधल्या याकोबापासून आलं. जेम्सही त्याच घराण्यातला. जॅक आणि झाक कानाला इतके जवळचे, की माणसांनी त्यांना भाऊ मानलं, आणि हा गैरसमज शेकडो वर्षं टिकला. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाचे ग्रंथपाल एडवर्ड निकल्सन यांनी १८९२ साली या एका नावाच्या वंशावळीवर पुस्तिकाच लिहिली आणि जॅक हा योहानेसच्या घरचा असल्याचं दाखवून दिलं. आपल्या लेखकाची चूक जुनी आहे, पुष्कळांनी केलेली आहे. पण सदराचं कामच मूळ सांगणं हे असेल, तर ती दुरुस्त व्हायला हवी.

आता ‘हलका माणूस’. हा अर्थ कुठून आला, ते सांगताना लेखाने अर्धीच गोष्ट सांगितली. चौदाव्या शतकात इंग्लंडात जॉन हे नाव इतकं झालं होतं, की चार पुरुष एकत्र आले तर त्यात एक तरी जॉन सापडावा. शेतावर, गिरणीत, गाडीवर, तबेल्यात सगळीकडे जॅकच जॅक. त्यामुळे ज्याचं नाव ठाऊक नाही अशा कोणाही कष्टकऱ्याला ‘जॅक’ म्हणायची रीत पडली. मराठीत घरकामाच्या गड्याला, त्याचं खरं नाव काहीही असो, ‘रामा’ म्हणत. त्यातला ‘रामागडी’ शब्द अजून वापरात आहे. तसंच हे. हाक मारणाऱ्याला नाव विचारायची गरज वाटत नव्हती. यात तुसडेपणा होता हे खरंच, मी तो नाकारत नाही.

पण तेच नाव त्या कष्टकऱ्यांनी स्वतः उचललं, हे लेखात कुठेच नाही. १३८१ साली डोईपट्टीच्या, म्हणजे माणशी कराच्या जाचाविरुद्ध इंग्लंडातले शेतकरी उठले. त्यांना चेतवणाऱ्या जॉन बॉल या धर्मोपदेशकाची पत्रं इतिहासकारांनी जपली आहेत. त्यांत जॅक गिरणीवाला, जॅक गाडीवान, जॅक सच्चा माणूस अशी नावं येतात. उठावाच्या एका म्होरक्याला लोक जॅक स्ट्रॉ, म्हणजे जॅक काडी किंवा जॅक पेंढा म्हणत. १४५० साली केंट परगण्यातून लोक लंडनवर चालून गेले तेव्हा त्यांच्या पुढाऱ्याचं नाव जॅक केड होतं. फ्रान्समध्ये त्याआधीच, १३५८ साली, शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. तिथले सरदार शेतकऱ्याला कुत्सितपणे ‘झाक बोनोम’ म्हणत, म्हणून त्या उठावाचं नाव ‘झाकरी’ पडलं. दोन देश, दोन वेगळी नावं, पण गत एकच. मला वाटतं, जॅक आणि झाक यांची सरमिसळ व्हायला हेही कारण झालं असावं.

आता माझ्या बोटीची हकीकत सांगतो, कारण या नावाकडे पाहायची दृष्टी मला तिथे मिळाली.

१९७८ साली मी पाचवा इंजिनीअर म्हणून मालवाहू बोटीवर रुजू झालो. बोटीच्या भाषेत ‘पाच साब’. चीफ इंजिनीअर, म्हणजे ‘बडा साब’, वेल्समधल्या स्वान्सी बंदराचा, साठीला आलेला, तांबूस चेहऱ्याचा, बोलायला तोडका माणूस. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, “तुझं नाव काय?” मी सांगितलं. माझं नाव चार अक्षरी आहे आणि त्यात एक जोडाक्षर आहे. त्याने दोनदा प्रयत्न केला, मान हलवली आणि म्हणाला, “ठीक आहे, जॅक.” तेव्हापासून मी जॅक.

मला फार अपमान वाटला. आईवडिलांनी बारशाला ठेवलेलं नाव, शाळेच्या दाखल्यावर, पदविकेवर, सीमन्स बुकवर असलेलं नाव या माणसाने एका वाक्यात पुसून टाकलं, असं वाटलं. मी कोणाला काही बोललो नाही. पण रात्रीच्या वॉचला, म्हणजे पाळीला, आमच्या फिटर काकांनी ओळखलं. ते कोकणातले, वयाने माझ्या वडिलांएवढे, इंजिन रूममध्ये त्यांचा शब्द चालायचा. तेल साफ करायचा सेपरेटर उघडून त्याच्या डिस्क पुसता पुसता ते म्हणाले, “पाच साब, मनाला लावून घेऊ नका. बडा साब सगळ्यांना जॅकच म्हणतो. मला म्हणतो, ऑइलरला म्हणतो, सेकंड साबला म्हणतो. काल पंपाच्या नटाने त्याचं बोट चेंगरलं, तेव्हा स्वतःलाच म्हणाला, जॅक, नीट बघ.”

पुढे युनिट ओव्हरहॉल, म्हणजे इंजिनाचा एक सिलिंडर उघडून दुरुस्त करायचं काम निघालं. बंदरात मुक्काम कमी, सिलिंडर कव्हर काढून पिस्टन बाहेर घ्यायचा. कव्हरचे नट साध्या पान्याने सुटत नाहीत. प्रत्येक स्टडवर, म्हणजे नट बसतो त्या आट्यांच्या जाड दांड्यावर, हायड्रॉलिक जॅक बसवून, पंपाने तेलाचा दाब देऊन स्टड ताणायचा, मग नट हाताने फिरतो. चीफ वरच्या जाळीवर उभा. तिथून त्याने हाक मारली, “जॅक, जॅक दे.” मी तो जड लोखंडी गोळा दोन्ही हातांनी उचलून वर दिला. त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं, की माणसाला आणि अवजाराला हा एकच शब्द का?

चहाच्या सुट्टीत मी धीर करून त्याला विचारलं. माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं. उरलेलं मी पुढच्या वर्षांत बंदरोबंदरीच्या वाचनालयांत शोधलं. जुन्या इंग्लंडात श्रीमंताच्या स्वयंपाकघरात मांसाचा मोठा तुकडा सळईवर लावून विस्तवापुढे तासन्‌तास फिरवत ठेवायचे. हे काम एखाद्या पोराकडे असे. विस्तवाच्या झळांपुढे बसून दिवसभर सळई फिरवायची. मग कोणी तरी वजनावर चालणारं यंत्र बसवलं. कोणी धुराड्यातून वर जाणाऱ्या गरम हवेवर पंखा फिरवून सळई चालवली. पोराचं काम यंत्राने घेतलं आणि पोराचं नावही घेतलं. त्या यंत्राला ‘जॅक’ म्हणू लागले, धुराड्यातल्याला ‘स्मोक-जॅक’. पायातला घट्ट बूट नोकराने ओढून काढायचा. त्याच्या जागी खाच पाडलेली लाकडी फळी आली, तिचं नाव ‘बूट-जॅक’. जड वस्तू खांद्याने उचलून धरणाऱ्या माणसाच्या जागी स्क्रूचं उचलयंत्र आलं, तेही जॅक. गाडीचं चाक बदलताना आपण लावतो तो जॅक असा आलेला आहे. समुद्रात पाय रोवून स्वतःला पाण्याच्या वर उचलून घेणारे तेलविहिरींचे प्रचंड फलाट असतात, त्यांनाही ‘जॅक-अप रिग’ म्हणतात. हजारो टनांचं ते धूड उचलणाऱ्या यंत्रणेचं नाव सात शतकांपूर्वीच्या एखाद्या गड्याचं आहे, हे आठवलं की मी अजून थबकतो.

इंजिनाच्या सिलिंडरभोवती पाणी खेळवतात, त्याला आम्ही ‘जॅकेट वॉटर’ म्हणतो. ८० अंशांच्या आसपास त्याचं तापमान राखणं हे पाचव्या इंजिनीअरच्या वॉचमधलं रोजचं काम. हे ‘जॅकेट’ बहुधा फ्रेंच ‘झाक’कडून आलेलं आहे. शेतकरी घालत तो आखूड अंगरखा ‘झाक’, त्याचं लहान रूप ‘झाकेट’, ते इंग्रजीत जॅकेट. म्हणजे ज्या दोन नावांचा आपल्या लेखाने घोळ केला, ती दोन्ही एकाच इंजिनावर शेजारी शेजारी बसलेली असतात. डोक्यावर जॉनचा जॅक, अंगावर झाकचं जॅकेट.

पत्त्यांचं उदाहरण तर मराठी वाचकांना लगेच पटेल. आपण ज्याला गुलाम म्हणतो, त्याला इंग्रज पूर्वी ‘नेव्ह’ म्हणत. ‘नेव्ह’चा मूळ अर्थ नुसता मुलगा, पोर, जर्मनमध्ये ‘क्नाबं’ आजही मुलगाच. इंग्रजीत पोराचा नोकर झाला आणि नोकराचा लबाड. ‘गुलाम’ हा अरबी शब्दही मुळात पोरगा, तरुण मुलगा अशाच अर्थाचा. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता पोराला नोकर केलं. त्या पानाला ‘जॅक’ म्हणणं हे इंग्लंडात फार काळ खालच्या थरातलं बोलणं समजलं जायचं. चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये मोठ्या घरातली एस्टेला पत्ते खेळताना लोहाराच्या घरात वाढलेल्या पिपला यावरूनच हिणवते, हा मुलगा नेव्हला जॅक म्हणतो, असं ती मोठ्याने सांगते. आणि लगेच त्याच्या राठ हातांना व जाड बुटांना नावं ठेवते. डिकन्सने भाषा आणि हात एकाच दमात आणले आहेत. ही कादंबरी १८६०-६१ मधली. त्यानंतर थोड्याच वर्षांत पानांच्या कोपऱ्यांवर अक्षरं छापायची पद्धत रुळली. किंगचा ‘के’ आणि नेव्हचे ‘के-एन’ यांत पत्ते पंख्यासारखे पसरून हातात धरल्यावर गल्लत व्हायची. १८६४ मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युअल हार्टने नेव्हऐवजी जॅकचा ‘जे’ छापला, आणि हळूहळू तोच सगळीकडे गेला. बड्या घरांनी नाकारलेला शब्द छापखान्याच्या सोयीने जिंकला. पोकर खेळताना निदान जॅकची जोडी हातात आल्याशिवाय डाव उघडता येत नाही असा एक प्रकार असतो; त्यात रक्कम साचत जाते. लॉटरीवाले ज्याला ‘जॅकपॉट’ म्हणतात तो तिथला.

झेंड्याचं थोडक्यात सांगतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची निशाणं एकत्र करणारा झेंडा १६०६ साली राजा जेम्सच्याच फर्मानाने आला, आणि जेम्स लॅटिनमध्ये सही ‘याकोबुस’ अशी करायचा. त्यावरून ही दंतकथा रचली गेली. पण बोटीच्या नाकावर, नाळेपाशी उभारायच्या लहान निशाणालाच खलाशी ‘जॅक’ म्हणत. ते ज्या काठीवर चढतं तिला आजही ‘जॅकस्टाफ’ म्हणतात. इथे जॅक म्हणजे लहान, धाकटं. हिरवळीवर लाकडी चेंडू घरंगळवण्याचा बोल्सचा खेळ असतो, त्यातला लक्ष्य म्हणून ठेवलेला छोटा पांढरा चेंडूही ‘जॅक’च. आयर्लंडचा लाल तिरका क्रूस १८०१ मध्ये त्या झेंड्यात आला. आता राहिला वाद, की जमिनीवर त्याला ‘युनियन फ्लॅग’ म्हणावं आणि फक्त समुद्रावर ‘युनियन जॅक’. हा नियम लोक मोठ्या खात्रीने सांगतात. पण १९०२ सालीच ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयाने दोन्ही नावं चालतील असं कळवलं होतं.

खलाशाला स्वतःला ‘जॅक टार’ म्हणायचे. टार म्हणजे डांबर. दोर आणि कपडे पाण्यापासून वाचवायला त्यांना डांबर फासलं जायचं. माणसाच्या अंगालाही तोच वास यायचा. आमच्या चीफला हे नाव फार प्रिय होतं. आणि त्याच्या स्वान्सीची तर वेगळीच गोष्ट. स्वान्सीच्या माणसांना वेल्समध्ये ‘जॅक’ म्हणतात, गावाचं टोपणनावच ते. कोणी सांगतात, स्वान्सीची गलबतं दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून चिलीहून तांब्याचं खनिज आणत, ते खलाशी इतके कसलेले असत की ‘स्वान्सी जॅक’ हा शब्द दर्यावर मानाचा झाला. कोणी सांगतात, खाणकामगार जेवणाचा जो पत्र्याचा डबा नेत, त्यावरून आलं. आणि मुलं सांगतात ती कुत्र्याची गोष्ट. १९३० साली जन्मलेला रिट्रीव्हर जातीचा एक काळा कुत्रा, नाव जॅक, ताव्ह नदीच्या धक्क्यावर राहायचा. बुडणाऱ्याचा आवाज ऐकला की पाण्यात उडी घ्यायचा, मानेकडून कपडा दातांत धरून काठाला आणायचा. त्याने २७ माणसं वाचवली असं मानतात. १९३७ साली उंदराचं विष पोटात गेल्याने तो गेला. समुद्रकिनाऱ्यालगतच्या रस्त्याकडेला त्याचं स्मारक लोकवर्गणीतून उभं राहिलं. चीफने लहानपणी त्या कुत्र्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. ते सांगताना तो एरवी कधी बोलायचा नाही इतकं बोलला. मग मला म्हणाला, “मी तुला जॅक म्हणतो ते माझ्या गावचं नाव आहे. माझ्याकडे याहून चांगलं नाव देण्यासारखं नाही.”

त्या दिवसापासून मला त्या हाकेचा राग आला नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पुढे दुसऱ्या एका बोटीवर दुसरा एक वरिष्ठ आम्हा सगळ्या भारतीय कामगारांना एकाच नावाने हाक मारायचा, कारण त्याला कोणाचंच नाव जाणून घ्यायचं नव्हतं. शब्द तोच असता तरी मला तो सोसला नसता. म्हणून लेखातलं ‘हलका माणूस’ मी पूर्ण चूक म्हणत नाही. ते वरून पाहणाऱ्याने दिलेलं माप आहे, आणि शब्दाच्या जन्मकथेत खालून पाहणाऱ्याचंही माप यायला हवं, एवढंच माझं मागणं आहे.

‘जॅक ऑफ ऑल ट्रेड्स’बद्दलही हेच. लेखात ‘धड एकही काम न येणारा’ असा अर्थ दिला आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा वाक्प्रचार छापील इंग्रजीत दिसतो तेव्हा तो नुसता ‘सगळ्या धंद्यांत हात असलेला’ एवढाच होता. ‘एकाचाही उस्ताद नाही’ ही शेपटी नंतर, अठराव्या शतकात, जोडली गेली. आमच्या फिटर काकांना वेल्डिंग यायचं, लेथ यायचा, पंपाला पॅकिंग भरता यायचं, बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करता यायचं. भर समुद्रात सुटा भाग मिळत नाही तेव्हा अख्खी बोट अशा माणसाच्या भरवशावर असते. त्यांना कोणी ‘धड काही न येणारा’ म्हणून दाखवावं!

फणस आणि कोल्हा यांचा जॅकशी काडीचाही संबंध नाही, हे मात्र ठणकावून सांगितलं पाहिजे, कारण ही दोन्ही नावं आपल्याकडून गेलेली आहेत. मल्याळममध्ये फणसाला ‘चक्का’ म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याचं ‘जाका’ केलं. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा १५६३ साली गोव्यात छापलेला ग्रंथ या फळाचं वर्णन करतो. ‘जाका’चं इंग्रजांनी ‘जॅक’ केलं. ‘जॅकल’ तर थेट संस्कृत ‘शृगाल’. फारसीत ‘शगाल’, तुर्कीत ‘चकाल’, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत ‘जॅकल’. कानाला ओळखीचा ‘जॅक’ ऐकू आला म्हणून स्पेलिंग तसं वळलं, इतकंच. मराठी वृत्तपत्राने तरी मराठी वाचकाला सांगताना शृगालाला इंग्रजांच्या नोकराचं नाव चिकटवू नये.

याउलट नर गाढवाला ‘जॅकॅस’ म्हणतात त्यात जॅक खराच आहे, मादीला ‘जेनी’. लाकूडतोड्या ‘लंबरजॅक’, उंच मनोऱ्यावर चढून डागडुजी करणारा ‘स्टीपलजॅक’. कडाक्याची थंडी आली की ‘जॅक फ्रॉस्ट’ आला म्हणतात. इंग्लंडचा राजा चार्ल्स दुसरा याच्या काळातला फाशी देणारा जॅक केच. १६८५ साली मनमथच्या बंडखोर ड्यूकचं डोकं त्याने इतक्या वाईट तऱ्हेने उडवलं, की पुढे प्रत्येक फाशी देणाऱ्याला लोक ‘जॅक केच’ म्हणू लागले. आणि १८८८ साली लंडनमध्ये बायकांचे खून करणारा. त्याचं नाव कधीच कळलं नाही. एका वृत्तसंस्थेला आलेल्या पत्राखाली ‘जॅक द रिपर’ अशी सही होती, आणि ते पत्र एखाद्या पत्रकारानेच रचलं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. कोणीही असू शकेल अशा माणसाला काय म्हणायचं, तर जॅक. चौदाव्या शतकातली सवय तिथेही दिसते.

आणि ज्यांनी हे नाव आनंदाने मिरवलं त्यांना कसं विसरायचं? प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये सर्वांत जास्त शतकं करणारे जॅक हॉब्ज कागदोपत्री जॉन बेरी हॉब्ज. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी घरच्यांचे आणि मित्रांचे जॅकच. आता तर इंग्लंडात लोक बारशालाच ‘जॅक’ ठेवतात, जॉनची वाट न पाहता. १९९५ ते २००८ अशी सलग १४ वर्षं इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलांच्या नावांत जॅक पहिला होता. ‘हलका माणूस’ असा अर्थ त्या आईबापांच्या मनात असता, तर पाळण्यात हे नाव कोणी उच्चारलं नसतं.

आपण मराठीत या शब्दाचं काय केलं, तेही आपल्या सदरात यावं. ‘जॅक लावला’ म्हणजे वशिला लावला, असं आपण सर्रास म्हणतो. इंग्रजीत या शब्दाला असा अर्थ नाही, तो आपणच घडवला. जड वस्तू खालून हळूच उचलून देणारं अवजार आणि नोकरीत वर चढवणारा ओळखीचा माणूस, हे साम्य ज्या मेकॅनिकला किंवा कारकुनाला पहिल्यांदा सुचलं असेल, त्याच्या नजरेला मी दाद देतो. आपल्या लेखकाने ही नोंद घेतली असती तर लेख किती भरला असता.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच सदरात, त्याच आकाराच्या अक्षरांत जॅकचं मूळ जॉनकडे असल्याची आणि फणस-कोल्ह्याची दुरुस्ती छापावी. शाळेतली मुलं ही कात्रणं वहीत चिकटवतात, आमच्या घरातली नात तर चिकटवतेच.

शेवटी आमच्या चीफबद्दल. बोट सोडताना त्याला माझ्या परीक्षेसाठी सेवेचा दाखला लिहून द्यायचा होता. तो माझ्या केबिनवर आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, “नाव एकेक अक्षर सांग.” मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. जोडाक्षर त्याला पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्यांदा जमलं. त्याने सही केली, शिक्का मारला, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “सांभाळून जा, जॅक.” तो दाखला अजून माझ्या कपाटात आहे.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सागरी अभियंता